गाणारीचं नाव लिहा



आभाराचं लांबण मी लावणार नाही. मला ४५ मिनिटं दिली आहेत. संमेलनाध्यक्षाच्या हातात हा माइक एकदाच येतो. पुढच्या वर्षी तो अध्यक्ष शाल पांघरून पहिल्या रांगेत बसतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. तेव्हा जे २२ वर्षं पोटात धरलंय, ते आज इथं ठेवून जाणार आहे.

माझ्या हातात ही पत्रिका आहे. पिवळा कागद, तीन घड्या. साल २००३. आपल्याच जिल्ह्यातल्या एका संमेलनाची. कुणाच्या ते सांगत नाही, जे त्या कार्यकारिणीत होते त्यांना हा पिवळा रंग लांबूनही ओळखू येईल. पान तिसरं. कविसंमेलनातले ३१ कवी नावानिशी आहेत. सूत्रसंचालकाचं नाव आहे. मांडववाल्याचं आहे, ध्वनिक्षेपण कुणाचं तेही आहे, फोन नंबरासकट. आणि त्याखाली एक ओळ आहे : दुपारी १ ते २, भोजन व करमणूक, कंसात ‘जोगत्यांची गाणी’. यल्लम्माला सोडलेली पाच माणसं गायला येणार होती. पाचांतलं एकही नाव नाही.

त्यातली एक आमची आक्का. सकाळी दहापासून ती मांडवामागं, भांडी घासायच्या नळाशेजारी, देवीचा पितळी जग मांडीवर घेऊन बसली होती. हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ. वय साठीच्या पुढं. आतमध्ये लोकसाहित्यावर परिसंवाद चालू होता. लोकसाहित्याचं काय होणार, यावर चार प्राध्यापक बोलत होते आणि लोकसाहित्य नळाशेजारी बसलं होतं. एक वाजता पंगती बसल्या, आक्का उभी राहिली आणि जिलेबीच्या ताटांमधून तिनं चौंडकं वाजवलं. कुणी मान वर केली नाही. जाताना पाकिटात ५०१ रुपये दिले. पुढं हिशेबाच्या वहीत मी ती नोंद पाहिली. ३१ कवींच्या पुढं ‘मानधन’ लिहिलं होतं. आक्काच्या पुढं ‘किरकोळ खर्च’.

बैठकीत मी विचारलं, नावं का छापली नाहीत? त्यावर जे उत्तर मिळालं ते माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. मला सांगण्यात आलं, “बाई, लोककला समूहाची असते. तिला नाव नसतं.”

आज या एका वाक्याशी भांडायला मी उभी आहे. एका ओळीच्या छपाईवरून एवढा कांगावा कशाला, असं काहींना वाटेल. माझी निवड झाली तेव्हा एका गृहस्थांनी लिहिलंच, की अध्यक्षपदावर साहित्यिक हवा, जोगतिणींची बाई नको. त्यांची तीनही पुस्तकं मी वाचली आहेत. त्या तीन पुस्तकांत एकही बाई स्वतःच्या नावानं चार वाक्यं बोलत नाही. त्यांनी माझ्याबद्दल लिहिलं, त्यात मला आश्चर्य वाटलं नाही.

समूहाची कला! मग मला सांगा, शेजारच्या कर्नाटकात काय झालं?

बळ्ळारी जिल्ह्यातलं कल्लुकंब हे गाव. तिथं शेट्टींच्या घरात मंजुनाथ नावाचा मुलगा जन्मला. शाळेत दहावीपर्यंत शिकला. त्याला पहिल्यापासून मुलींत मिसळायला आवडायचं, आईला कामात मदत करायला आवडायचं, टॉवेल परकरासारखा गुंडाळून नाचायला आवडायचं. भावानं मारलं, घरानं देवाचं काहीतरी आहे असं ठरवलं आणि होस्पेटजवळच्या हुलिगेम्माच्या देवळात नेऊन दीक्षा दिली. कंबरेचा करदोटा तोडला, हातात बांगड्या भरल्या. आई रडली, मुलगा गेला म्हणून. त्या दिवशीपासून मंजुनाथची मंजम्मा झाली. पुढं घर सुटलं. विष घेतलं, त्यातून वाचल्या. लुगडं नेसून भीक मागितली. वाटेत लोकांनी लुटलं, अंगावर अत्याचार केले. मराठीत आजवर जोगत्यावर जे लिहिलं गेलं, ते बहुतेक इथवर येतं आणि इथंच थांबतं. आपल्याला एवढंच हवं असतं. डोळ्यांत पाणी येतं, पुस्तक मिटतं.

मंजम्मांची गोष्ट मात्र इथून सुरू होते. दावणगेरेच्या एसटी स्टँडवर त्यांनी एक बाप-लेक पाहिले. बाप गात होता आणि लेक डोक्यावर घागर घेऊन, हात न लावता नाचत होता. मंजम्मा त्यांच्याकडं शिकायला जाऊ लागल्या. पुढं काळव्वा जोगती भेटल्या. काळव्वा पट्टीच्या कलावंत. त्यांनी मंजम्मांना आपल्या मेळात घेतलं, नाच शिकवला, यल्लम्माच्या आख्यानात भूमिका दिल्या. घागर तोलून नाचताना मान कुठं धरायची, वाकायचं तर कंबरेतून की गुडघ्यातून, हे गुरूसमोर वर्षं घालवून शिकावं लागतं. कथ्थकला लागतात तशीच वर्षं याला लागतात. काळव्वा गेल्या आणि मेळ मंजम्मांच्या अंगावर आला. त्यांनी तो गावच्या जत्रेतून काढला आणि रंगमंचावर आणला. मरियम्मनहळ्ळीसारख्या नाटकवेड्या गावात राहून शेकड्यांनी प्रयोग केले. २०१० साली कर्नाटक राज्योत्सव पुरस्कार मिळाला. २०१९ साली त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या.

अध्यक्ष! सरकारी लोककला अकादमीच्या खुर्चीत एक जोगती बसली. कुणाला पुरस्कार द्यायचा, कुठल्या मेळाला अनुदान द्यायचं, यावर तिची सही होऊ लागली. पद्मश्रीचं आपल्याकडं फार कौतुक झालं, मला या सहीचं जास्त वाटतं. पुरस्कार घ्यायला वाकावं लागतं. सही करायला टेबलामागं बसावं लागतं.

पद्मश्री २०२१ ची. नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपती भवनात मंजम्मांचं नाव पुकारलं गेलं. त्या गेल्या, आणि पदक घेण्याआधी त्यांनी पदराचं टोक हातात धरून राष्ट्रपतींची दृष्ट काढली. ते दृश्य तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंय. अनेकांना गंमत वाटली. मला त्यात आक्का दिसली. दारात आलेला जोगत्या घरातल्या लेकराची दृष्ट काढतो, तेव्हा तो मागणारा नसतो, देणारा असतो. देशाच्या पहिल्या नागरिकासमोर उभं राहूनही मंजम्मा देणाऱ्याच राहिल्या.

त्याआधी, २०१९ मध्ये, तमिळनाडूच्या नर्तकी नटराज यांना भरतनाट्यमसाठी पद्मश्री मिळाली होती. त्याही तृतीयपंथी. म्हणजे दक्षिणेत दोन राज्यांनी दोन नावं पुढं केली. आपलं राज्य मधल्या काळात काय करत होतं? आपण ‘जोगवा’ बघत होतो.

गैरसमज नको. ‘जोगवा’ मोठा सिनेमा आहे. राजीव पाटील लवकर गेले, याचं मला आजही दुःख आहे. पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, उपेंद्र लिमयेंना अभिनयाचा, अजय-अतुलना संगीताचा, हरिहरन आणि श्रेया घोषालना गाण्याचा, आणि सामाजिक विषयावरचा उत्कृष्ट चित्रपट म्हणून एक. पाचही पुरस्कार वाजवी आहेत. सिनेमा ज्यांच्या कादंबऱ्यांवर उभा आहे त्या राजन गवसांना तर मी या भांडणातून हात धरून बाजूला काढते. गडहिंग्लजच्या मातीतला हा माणूस ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ लिहिण्याआधी देवदासींच्या चळवळीत घरोघर हिंडलाय. त्याच सिनेमामागची चारुता सागरांची ‘दर्शन’ ही कथा ज्यांनी वाचली नसेल त्यांनी आज रात्री वाचावी. माझं भांडण लिहिणाऱ्यांशी नाही. वाचणाऱ्यांशी, टाळ्या वाजवणाऱ्यांशी आहे. तुम्हाला सिनेमातल्या नटाचं नाव माहीत आहे, गायकाचं माहीत आहे, संगीतकारांचं माहीत आहे. आता खऱ्या चौंडकं वाजवणाऱ्या एका कलावंताचं नाव सांगा. एकच. या मांडवात हजारभर माणसं असतील. मी थांबते.

बघा.

आणि हे कोल्हापूर आहे. लुगडं नेसलेल्या पुरुषाला डोक्यावर घेणारं शहर. केशवराव भोसल्यांनी शारदेची भूमिका केली तेव्हा महाराष्ट्र वेडा झाला होता. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेल्या पॅलेस थिएटरला आपण केशवरावांचं नाव दिलं. ते नाट्यगृह २०२४ च्या ८ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळालं, तेव्हा शहर रस्त्यावर येऊन रडलं. मीही रडले. बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळालं, पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे. त्यांचा शालू, त्यांचा पदर, त्यांचं चालणं यावर आपण चार पिढ्या लिहितो आहोत. लुगडं नेसून गाणं ही आपल्या संस्कृतीची शान आहे, पण एका अटीवर : पडदा पडला की लुगडं उतरलं पाहिजे. ज्याचं लुगडं पडद्यानंतरही अंगावर राहतं, त्याला नळाशेजारी बसवायचं.

आणि लुगडं उतरवणाऱ्याला तरी आपण कुठं सोडलं? गणपत पाटील आपल्या कोल्हापूरचे. तमाशापटातला नाच्या म्हणजे गणपत पाटील, हे समीकरण झालं. दिवसभर कॅमेऱ्यापुढं कंबर लचकवायची आणि घरी आलं की बायको-मुलांचा संसार. पण या शहरानं त्या माणसाच्या पुरुषत्वावर आयुष्यभर कुजबुज केली, घरच्यांना त्याचे चटके बसले. ‘रंग नटेश्वराचे’ हे त्यांचं आत्मचरित्र उघडा, सगळं आहे. २००८ साली ते गेले. कागलच्या आनंद यादवांचा ‘नटरंग’ त्यानंतर दोनेक वर्षांत पडद्यावर आला आणि आपण गुणा कागलकरसाठी रडलो. पडद्यावरच्या गुणासाठी रडलो. गणपत पाटील आपल्या गल्लीतून चालत जात होते तेव्हा हसत होतो.

आता माझ्या पुरोगामी मित्रांकडं वळते. त्यांच्याशी माझं नातं जुनं आहे, म्हणून त्यांना थोडं हळू बोलते. ते म्हणतात, जोगत्याला मंचावर बोलावणं म्हणजे देवाला माणसं सोडण्याच्या प्रथेचं उदात्तीकरण. मी गडहिंग्लज तालुक्यात ३४ वर्षं मास्तरकी केली. डोक्यात जट आली म्हणून सातवीतली मुलगी शाळेतून काढून यल्लम्माच्या सौंदत्तीला नेताना मी पाहिली आहे. मी त्या मुलीच्या बापाच्या पाया पडले आहे. ही प्रथा मेलीच पाहिजे. शाहू महाराजांनी १९२० साली जोगत्या-मुरळी सोडण्यावर बंदीचा कायदा केला, देशात फार थोड्यांना तेव्हा ते सुचलं होतं. कर्नाटकानं १९८२ साली कायदा केला, आपल्या विधिमंडळाला एकविसावं शतक उजाडावं लागलं. पण महाराजांनी बंदी घातली ती माणूस देवाला सोडण्यावर. सोडलेल्या माणसाला माणसांतून उठवा, असं त्यांनी कुठं लिहिलं? २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, आपण कोण हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याला. अकरा वर्षं झाली. आक्काला जट आली म्हणून देवाला सोडलं, हे चूक होतं. आक्का बाई होती, हे तिचं स्वतःचं होतं. आणि आक्का गायची, ते तर फक्त तिचं होतं. या तीन गोष्टींची आपण एकच गाठोडी बांधतो आणि प्रथेबरोबर गाणंही जाळायला निघतो.

चौंडकं तुमच्यापैकी किती जणांनी हातात घेतलंय? लाकडाचं नळकांडं, एका बाजूला करडाचं कातडं, दुसरी बाजू उघडी. कातड्याच्या मधोमध भोक पाडून तात ओवलेली. नळकांडं काखेत दाबायचं, तातेच्या टोकाची मूठ डाव्या हातात ताणून धरायची आणि उजव्या हातानं तात छेडायची. ताण वाढवला की सूर चढतो, सैल सोडला की खाली येतो. पडदे नाहीत, खुणा नाहीत, सगळा हिशेब डाव्या मुठीत. ढोलकीची थाप आणि तंतुवाद्याचा सूर, दोन्ही एकाच वाद्यातून काढायचे. आपल्या पावसात कातडं बसतं, तेव्हा वाजवण्याआधी चुलीच्या उबेला धरावं लागतं, आणि जरा जास्त धरलं तर फाटतं. आक्काच्या डाव्या तर्जनीला तातेचा घट्टा होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. मी तो हातानं चाचपून पाहिलाय. रांडाव पुनवेला सौंदत्तीच्या डोंगरावर बाकीच्यांच्या बांगड्या फुटत असताना ती एका बाजूला बसून चौंडकं वाजवायची. रेणुकेचं, म्हणजे यल्लम्माचं, वैधव्य ती अशा खालच्या सुरात गायची की तात जवळजवळ लोंबायची. अहेव पुनवेला तीच तात ताणून आभाळाला न्यायची. एकाच कथेसाठी तिनं दोन सूर बसवले होते. हे समूहानं केलं नव्हतं. हे त्या एका बाईनं केलं होतं.

इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे. तिच्यासाठीच मी हे भाषण लिहायला घेतलं.

१९८३ साली मी गाणी गोळा करायला लागले. सायकल, दोनशे पानी वही आणि उधार आणलेला टेपरेकॉर्डर. आक्काच्या तोंडून मी ६२ गाणी लिहून घेतली. पुढं त्यांचं पुस्तक झालं, त्यावर संकलक म्हणून माझं नाव आहे, मोठ्या टायपात. त्या पुस्तकाच्या जोरावरच मी आज इथं उभी आहे. परवा ही वही मी पुन्हा काढली. प्रत्येक गाण्याखाली माझ्या अक्षरात लिहिलंय : ‘गायक : एक जोगत्या, वय सुमारे ४०.’ ६२ वेळा. एक जोगत्या. ज्या कार्यकारिणीशी मी २२ वर्षं मनात भांडते आहे, तिनं तरी एकदाच केलं.

रेशनकार्डावर आक्काचं एक पुरुषाचं नाव होतं. ते मला माहीत आहे, पण ते तिनं कधी आपलं मानलं नाही. डोंगरावर तिला दुसरं नाव मिळालं होतं. ते मी २६ वर्षांत एकदाही विचारलं नाही. गाव आक्का म्हणायचं, मीही आक्का म्हणाले. तिच्या हातची भाकरी खाल्ली, तिच्या अंगणात पाऊस थांबेपर्यंत बसले, गाण्याचा पाठभेद तीन-तीनदा विचारला. नाव विचारलं नाही. ‘जोगवा’ आला त्या साली आक्का गेली. तिच्याबरोबरच्या बाकी चारही जणी गेल्या. आता विचारायला कुणी नाही.

म्हणून या मंचावरून मी तीन मागण्या करते, आणि उद्याच्या वर्तमानपत्रात अध्यक्षांच्या फोटोऐवजी या छापून आल्या तर मला बरं वाटेल. लोकगीतांचा कुठलाही संग्रह, माझ्यासकट कुणाचाही, यापुढं गाणाऱ्याच्या नावाशिवाय छापला जाऊ नये, आणि त्यानं स्वतः सांगितलेल्या नावाशिवाय तर नाहीच. आपल्याकडं १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे. सौंदत्तीच्या वाटेवर आज जे चौंडकं वाजवतात त्यांना तिथं सन्मानानं बोलवावं, प्राध्यापकाच्या दरानं मानधन द्यावं, त्यांचं वादन नीट ध्वनिमुद्रित करावं आणि मुलांना शिकवायला बसवावं. चौंडकं बनवणारे हातही विद्यापीठानंच शोधावेत, कारण वाद्यच मिळेनासं झालं तर शिकवायचं कशावर? आणि राज्य सरकारच्या लोककलेच्या समित्यांवर जोगत्यांमधला एक कलावंत असावा. कल्याणासाठी नेमलेला लाभार्थी नको. सही करणारा सदस्य हवा. शेजारच्या राज्यानं अख्खी अकादमी दिली, आपल्याला एक खुर्ची जड जाऊ नये.

दरवर्षी मार्गशीर्षात या शहरातून एसट्या भरून सौंदत्तीला जातात. परत आल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेला तुम्ही वडी-भाकरी आणि मेथी घेऊन रांगेत उभे राहता. तिथं जग डोक्यावर घेतलेल्या माणसाच्या पाया पडता. पाया पडलेल्या माणसाचं नाव विचारायला काय लागतं? यंदा विचारा. आपलं सांगा, त्याचं विचारा.

माझी वेळ संपत आली. कार्यवाहांनी आणि त्यांच्या तरुण पोरांनी या संमेलनात माझं एक म्हणणं ऐकलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आक्काची शिष्या आज इथं गाणार आहे. ती मांडवामागं बसलेली नाही. तिसऱ्या खुर्चीवर, माझ्या उजव्या हाताला बसली आहे. तिचं गाणं साडेबाराला आहे, पंगती दोन वाजता. मधल्या वेळात कुणीही जागेवरून उठायचं नाही. तिचं नाव मी मुद्दाम घेत नाही, ते मी एकटीनं घेऊन भागणार नाही. तुमच्या हातातली पत्रिका उघडा. दुसरं पान, पहिली ओळ, माझ्या नावाच्या वर, माझ्याच टायपात. आता सगळ्यांनी मोठ्यानं वाचा.